पगार परत कर

आज सकाळपासून मनात जे साचले आहे ते लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, पण माझ्या यादीतली माणसे वाचतील याची खात्री आहे.

रविवार असल्यामुळे नागपुरातल्या मानेवाड्याला दादाकडे गेले होते. वहिनीने तर्री-पोहे केले होते, दादा खिडकीजवळ वर्तमानपत्र घेऊन बसला होता आणि बारावीतला माझा भाचा मोबाइलमध्ये डोके घालून धुसफुसत होता. आदल्या रात्री इंग्लंडच्या लीगमध्ये त्याच्या आवडत्या क्लबच्या गोलकीपरच्या हातून एक साधा चेंडू निसटला आणि सामना हातचा गेला. त्या खेळाडूचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्याविषयी कालपासून पुरेसे लिहून झाले आहे. भाच्यानेही त्याच्या फोटोखाली एक ओळ लिहिली होती आणि ती त्याने मला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली: ‘आठवड्याला लाखो पौंड घेतोस आणि बॉल धरता येत नाही. पगार परत कर.’ त्या ओळीला तोवर चाळीस लाइक आले होते.

मी दादाकडे पाहिले. तो वाचतच होता, पण पान बराच वेळ उलटले गेले नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा दादा एका सरकारी उपक्रमाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. खेळाडूंच्या कोट्यातून त्याला तिथे लिपिकाची नोकरी लागली होती. त्या काळी नागपूर-कामठीच्या कितीतरी मुलांची घरे अशाच नोकऱ्यांवर उभी राहिली. रेल्वे, कोळसा खाणी, पोलीस, आयुध निर्माणी या सगळ्यांचे संघ असत आणि मैदानात पाय चालला की घरात चूल पेटे. दादाला नोकरी लागली त्या दिवशी आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

१९९८ च्या जानेवारीत यशवंत स्टेडियमवर कामठीच्या एका क्लबविरुद्ध सामना होता. मी गॅलरीत होते. शेवटची दहा मिनिटे राहिली होती, बरोबरी होती, आणि उजवीकडून एक सरळ, जमिनीलगत, फारसा जोर नसलेला फटका आला. दादा खाली बसला, चेंडू हातात आला आणि हातातून निसटून दोन पायांमधून आत गेला. क्षणभर सगळे स्टेडियम गप्प झाले, आणि मग माझ्या मागच्या पायरीवरून आवाज आला, ‘पगार कायचा घेतो बे?’ लोक हसले. मग ते वाक्य पायरीपायरीने सगळीकडे पसरले. पुढची दहा मिनिटे दादा दोन खांबांमध्ये उभा होता आणि शेकडो माणसे त्याला एकच प्रश्न विचारत होती.

आज तोच प्रश्न त्याच्या घरात, त्याच्याच मुलाच्या तोंडून, त्याच्या पोह्यांच्या बशीसमोर आला. त्या मुलाला काही माहीत नाही, कारण दादाने त्याला त्या सामन्याविषयी कधी सांगितलेलेच नाही.

मला राग आला आहे तो या सवयीचा. खेळाडू चुकला की त्याच्या खेळाविषयी बोला, अगदी कडक बोला. पाय चुकीचा टाकला म्हणा, शरीर चेंडूच्या मागे आणले नाही म्हणा, दोन वर्षांपासून घसरण चालू आहे म्हणा. पण आपण खेळावर थांबत नाही, थेट माणसाच्या ताटाकडे बोट दाखवतो. एखाद्याने काम बिघडवले म्हणजे त्याने चोरी केली, असा हिशेब आपण दुसऱ्या कोणत्या व्यवसायात इतक्या सहजपणे मांडतो? माझा एखादा तास वाईट जातो, वर्गाला काही कळत नाही, हे मला शिक्षिका म्हणून आतून ठाऊक असते. त्या दिवशी चाळीस मुले उभी राहून ‘पगार परत करा’ असे ओरडली, तर दुसऱ्या दिवशी मी फळ्यासमोर उभी राहू शकेन असे मला वाटत नाही.

इंग्लंडमधल्या पगारांचे आकडे डोळे फिरवणारे आहेत, हे मान्य. आपल्या गल्लीतल्या कोणाच्या सात पिढ्यांनी पाहिले नसतील एवढे पैसे तिथला एक खेळाडू वर्षात मिळवतो, आणि त्याचा त्रास होणे साहजिक आहे. पण हे पैसे खेळाडूने आपल्या खिशातून काढून नेलेले नाहीत. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देण्यास बंदी होती. मैदाने हजारोंनी भरत, तिकिटांचा पैसा क्लबकडे जाई आणि खेळाडूच्या हाती तेच २० पौंड पडत. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा कुठे ती मर्यादा उठली, आणि फुलहॅम क्लबचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. पुढे १९९५ मध्ये बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूने युरोपीय न्यायालयात दावा जिंकला. करार संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवण्याचा क्लबचा हक्क त्यामुळे गेला, आणि त्यात भर पडली टीव्हीच्या हक्कांच्या पैशाची. पैसा आला तो असा. तो खेळाडूला मिळाला नसता तर तिकीट स्वस्त झाले असते, असे ज्याला वाटते त्याने २० पौंडांचा काळ आठवावा. तेव्हा तो मालकांकडे राहत होता.

मात्र भाच्याला हे सारे कसे सांगावे याची मनात जुळवाजुळव करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि राग थोडा निवळला. हा मुलगा फँटसी लीग खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधण्याचा ऑनलाइन खेळ. तिथे त्याला १०० दशलक्ष पौंडांचे खोटे भांडवल मिळते, त्यात पंधरा खेळाडू विकत घ्यायचे असतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे किंमत लिहिलेली असते. गोलकीपरने गोल होऊ दिला नाही की चार गुण, झाला की ते गेले. खेळाडूची आणि त्याची पहिली ओळखच किमतीतून होते. त्याने त्याला कधी पावसात उभे राहिलेले पाहिले नाही, त्याचे मोजे धुतले नाहीत. त्याच्यासाठी तो एक महाग पडलेली वस्तू आहे. चूक पूर्णपणे पोराची नाही, एवढे मी कबूल करते.

मोजे मी धुतले आहेत. दादाच्या ग्लोव्हजची एकच जोडी होती, सीताबर्डीच्या दुकानातून घेतलेली, आणि त्या जानेवारीपर्यंत तिच्या तळव्यांवरचे रबर पार उडाले होते. उजव्या तळव्यात अंगठ्याखाली रुपयाएवढे भोक पडले होते, तिथे मी आतून कापड लावून चांभारी दोऱ्याने टाके घातले होते. धुऊन झाले की ते अंगणातल्या तारेवर चिमटे लावून वाळत टाकायचे, बोटे खाली करून. वाऱ्याने हलले की कोणीतरी दोन्ही हात खाली सोडून उभे आहे असे वाटे. नव्या जोडीसाठी दादाने कार्यालयात अर्ज दिला होता आणि तो तीन महिने कोणाच्या तरी टेबलावर पडून होता. गॅलरीतल्या सगळ्यांना दादाचा पगार ठाऊक होता. तळव्यातले भोक मला ठाऊक होते, आणि मी तोंड उघडले नाही. मागे वळून त्या माणसाला काही सांगावे एवढे धैर्य मला झाले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

गोलकीपरच्या नशिबात हे जास्तच असते. पुढचा खेळाडू पाच संधी दवडतो आणि सहावी साधतो, त्याचे पाच गुन्हे माफ. गोलकीपरने पाच वाचवले आणि सहावा सुटला, तर तो सहावाच त्याचे आडनाव होतो. १९५० च्या विश्वचषकात मारकाना स्टेडियमवर उरुग्वेच्या घिग्गियाचा फटका ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा याच्या हाताशेजारून आत गेला, ब्राझील २-१ ने हरले, आणि पुढची पन्नास वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, बार्बोसा त्या गोलची शिक्षा भोगत राहिला. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, माझी तर संपतच नाही, अशा अर्थाचे त्याचे बोलणे प्रसिद्ध आहे. २०१८ च्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलकीपर कॅरियस याच्या हातून दोन चुका झाल्या. सामना संपल्यावर तो रडत, हात जोडून प्रेक्षकांची माफी मागत होता, आणि तरी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. काही दिवसांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगितले की त्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसून मेंदूला धक्का पोहोचला होता. धमक्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी मग आपले शब्द मागे घेतले असतील?

आणि चांगले खेळले म्हणून तरी काय होते? गोलकीपर डेव्हिड डे हेआने २०२२-२३ च्या मोसमात इंग्लंडच्या लीगमधल्या सर्वाधिक, म्हणजे १७ सामन्यांत गोल होऊ दिला नाही, मानाचा गोल्डन ग्लोव्ह मिळवला, आणि त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्याचा करार संपू दिला. त्यानंतर वर्षभर तो कोणत्याही क्लबविना होता. त्याच्या पगारावर वर्षानुवर्षे तोंडसुख घेणाऱ्यांना ते एक वर्ष आठवत नाही.

इथे मला खरोखर संताप येतो, कारण हीच भाषा आपण आपल्या खेळाडूंनाही वापरतो. भारत हरला की ‘यांना पगार कशाला?’ हे ठरलेलेच. अरे, २०२५ च्या जुलैत आपली इंडियन सुपर लीगच, म्हणजे देशातली सर्वांत मोठी फुटबॉल लीगच, थांबली! काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. २०२६ च्या जानेवारीत सुनील छेत्री, संदेश झिंगन आणि गुरप्रीतसिंग संधू या भारताच्या खेळाडूंना आमचा खेळ वाचवा म्हणून फिफाकडे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे, जाहीर विनंती करावी लागली. गुरप्रीत हासुद्धा गोलकीपर. त्याच्या फोटोखाली ‘पगार परत कर’ लिहिणाऱ्यांनी आधी तो मिळाला का, एवढे तरी विचारायचे होते. त्या विनंतीच्या आदल्याच महिन्यात मेस्सी भारतात येऊन गेला. आमच्या ओळखीतली दोन मुले त्याला बघायला रेल्वेने मुंबईला, वानखेडेवर गेली आणि दुरून हात हलवणाऱ्या माणसाचे फोटो घेऊन आली. मेस्सीवर माझा काही राग नाही. त्याचा खेळ मीही डोळे भरून पाहिला आहे. पण त्याच मुलांनी इथे नागपुरात मानकापूरच्या मैदानावर किंवा यशवंतला लीगचा एक सामना पैसे देऊन, निदान फुकट तरी, कधी पाहिला आहे का?

कोणीतरी म्हणेल, छेत्रीनेच तर २०१८ मध्ये सांगितले होते की आम्हाला शिव्या द्या. हो, सांगितले होते. पण त्याचे वाक्य पुरते ऐका. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा, असे तो म्हणाला होता. तेव्हा मुंबईत भारताचा संघ एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता, तिच्या पहिल्या सामन्याला अडीच हजार माणसे होती, आणि छेत्रीने त्यात तीन गोल मारले होते. रिकाम्या खुर्च्यांपेक्षा शिव्या बऱ्या, एवढी वेळ देशाच्या कर्णधारावर आली होती. तिकीट काढून, उन्हात बसून, घसा कोरडा करून जो हुर्यो करतो त्याचा हक्क मी नाकारत नाही. यशवंतवर माझ्या मागे बसलेल्या त्या माणसालाही मी आज तेवढे देते. तो निदान आला तरी होता.

दादाला मात्र त्या माणसापेक्षा कार्यालयाचा जास्त त्रास झाला. गॅलरी संध्याकाळी रिकामी होते, कार्यालय रोज सकाळी भरते. सरावासाठी तो तीन वाजता निघायचा, ते आधीपासूनच कित्येकांच्या डोळ्यांत सलत होते. त्या सामन्यानंतर त्याच्या हातून फाइल पडली की कोणीतरी म्हणायचे, ‘सुटली का?’ हे काही महिने नाही, वीसेक वर्षे चालले, निवृत्तीच्या जवळ येईपर्यंत. त्याने दोन वर्षांतच खेळ सोडला आणि पूर्णवेळ टेबलावर बसू लागला. त्या टेबलावर त्याने एकही चूक केली नाही, असे त्याचे साहेबच मला एकदा म्हणाले होते. दादाने आपला पगार असा फेडला. तो कोणाचे देणे लागत नव्हता, तरीही फेडला.

सकाळी मी भाच्याला हे सगळे सांगणार होते. तोंड उघडलेही होते. तेवढ्यात दादाने वर्तमानपत्राची घडी घातली, बशी बाजूला सरकवली आणि मुलाला म्हणाला, ‘दाखव बरं तो गोल.’ त्याने चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ धरून ती चित्रफीत पाहिली, मग मागे नेऊन पुन्हा पाहिली, आणि तिसऱ्यांदा थांबवून पडद्यावर बोट ठेवले. ‘हे बघ, चेंडू हातात यायच्या आधीच त्याची नजर वर गेली. फेकायला माणूस शोधत होता तो. बॉल छातीशी आल्याशिवाय वर पाहायचं नसतं.’ भाचा म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला कसं कळलं?’

दादाने उत्तर दिले नाही. वहिनीने चहा आणला, विषय बदलला आणि मी दुपारी घरी आले. मघाशी ही पोस्ट लिहायला बसण्याआधी त्या फोटोखाली जाऊन पाहिले. भाच्याची ओळ अजून तिथेच आहे.