‘तीन महिने होस्ट फॅमिलीकडे राहा, स्पॅनिश आपोआप येते’ हा दावा खरा नाही

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. कॉलेजची मुलं आणि त्यांचे आईवडील तो मला पाठवतात आणि विचारतात, “मॅडम, हे खरं आहे का?” त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मुंबईत स्पॅनिशचा क्लास लावणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा तीन महिने स्पेनला नाहीतर ग्वाटेमालाला जा, तिथल्या कुटुंबात, म्हणजे होस्ट फॅमिलीकडे, राहा. घरातली माणसं सतत बोलतात, तोच क्लास, भाषा आपोआप येते. घर कुठलंही चालतं, खर्च नाममात्र, परत आलं की नोकरी तयार. शाकाहारी असाल तर मात्र नाद सोडा.

मी दादरला स्पॅनिश शिकवते आणि स्वतः स्पेनमधल्या सालामांका शहरात एका कुटुंबात राहून शिकले आहे. तो अनुभव माझ्यासाठी फार मोलाचा आहे. पण या मेसेजवर विसंबून कर्ज काढायला निघालेले पालक मला भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

“भाषा आपोआप येते.” आपल्या मुंबईकडेच बघा. तीस-चाळीस वर्षं इथे राहून मराठीचं एक वाक्य न बोलणारी माणसं कुठल्याही सोसायटीत सापडतील. कानावर मराठी रोज पडतं, पण बोलायची वेळ येत नाही, कारण आपणच लगेच हिंदीवर येतो. होस्ट फॅमिलीच्या घरातही हेच घडतं. पाहुणी अडखळली की घरातली कॉलेजला जाणारी मुलगी इंग्रजी सुरू करते. तिलाही सराव हवाच असतो. रशियात शिकायला गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास विल्यम रिव्हर्स यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. कुटुंबात राहिलेल्यांची बोलण्यातली प्रगती वसतिगृहातल्यांपेक्षा जास्त असेल अशी सगळ्यांची समजूत होती, ती उलट कमी भरली. वाचनात मात्र ते पुढे होते.

आता तासांचा हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामकाज करता येईल इतकं स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास धरत आली आहे. परदेशातल्या भाषाशाळेत आठवड्याला साधारण २० तासिका असतात. बारा आठवड्यांच्या झाल्या २४०. मराठी माणसाला काही गोष्टी सोप्या जातात, हे मी रोज बघते: नामाला लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं याचं आपल्याला नवल वाटत नाही, त आणि द तर आपले घरचेच. तरीही ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही ‘असणे’ याच अर्थाची दोन क्रियापदं कुठे कुठली वापरायची, हे कुणीतरी बसून समजावून सांगावंच लागतं.

“घरातली माणसं सतत बोलतात, तोच क्लास.” हा मुद्दा सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा आहे. सालामांकातल्या आमच्या घरी रात्रीचं जेवण साडेनऊच्या पुढे व्हायचं. टीव्हीवर बातम्या चालू असायच्या. घरमालकीण ताट पुढे ठेवून विचारायची, दिवस कसा गेला, दमलीस का, अजून वाढू का. तीन प्रश्न, तीन उत्तरं, की संपलं. माझ्याबरोबर राहणारी एक मुलगी भाषेची काहीच तयारी नसताना आली होती. तिचं बोलणं मुक्काम संपेपर्यंत त्या तीन उत्तरांपलीकडे गेलं नाही. यात त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांना अर्थ कळत होता, मग चूक कशाला दाखवतील?

मी मुंबईहून भूतकाळ पक्का करून गेले होते. एका रात्री मी त्यांना आमची आजी दिवाळीत चकल्या कशा करायची ते सांगायला लागले: भाजणी कशी भाजायची, सोऱ्या कुणाच्या हातात असायचा, पहिला घाणा बिघडला की कुणाला ओरडा बसायचा. बाईंनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला आणि तेलाचं विचारलं. मग त्यांच्या आईच्या गावातल्या डुक्कर कापण्याच्या दिवसाची गोष्ट निघाली. जेवण झाल्यावर टेबलाशी गप्पा मारत बसायची तिकडे पद्धतच आहे, पण त्या गप्पांत शिरायला हातात काही वाक्यं लागतात. ती इथे, दादर-पार्ल्याच्या क्लासात, निदान ए२ पातळीपर्यंत (युरोपीय मोजणीतली खालून दुसरी पायरी) जमवता येतात. ती घेऊन गेलेल्या मुलांचे तीन महिने सोन्यासारखे जातात.

“घर कुठलंही चालतं.” नाही चालत. बार्सेलोनात कुटुंब आपसात कॅटलान ही तिथली वेगळी भाषा बोलत असण्याची शक्यता असते. दक्षिण स्पेनमधल्या कादिसकडे शब्दाच्या शेवटचा स गिळतात, नवख्याला त्रास होतो. सालामांका किंवा स्पेनमधलंच वायादोलिद नवशिक्यांना बरं. ग्वाटेमालातल्या अँतिग्वामध्ये एका विद्यार्थ्याला एक शिक्षक असा वर्ग परवडणाऱ्या दरात मिळतो आणि लोक सावकाश, स्पष्ट बोलतात. शाळेला लेखी विचारा: घरात आणखी किती विद्यार्थी आहेत? दोन-तीन असले तर ते आपसात इंग्रजीच बोलणार.

“खर्च नाममात्र.” कुटुंबाला राहण्याजेवणाचे पैसे मिळतात आणि ते तुमच्याच फीमधून जातात. नाश्ता आणि एकच जेवण हवं की तिन्ही वेळचं, हे आधी ठरवावं लागतं. शिवाय स्पेनसाठी लागणाऱ्या कमी मुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि त्या व्हिसावर काम करून पैसे कमावता येत नाहीत.

“परत आलं की नोकरी.” मालाड-ऐरोलीच्या कंपन्या पातळी विचारतात, मुक्काम नाही. शाळेचं हजेरीचं प्रमाणपत्र एका बाजूला आणि इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची ‘देले’ ही स्पॅनिशची परीक्षा दुसऱ्या बाजूला. देलेचं प्रमाणपत्र कायमचं असतं आणि ती परीक्षा भारतातही देता येते.

“शाकाहारींनी नाद सोडावा.” या वाक्यामुळे किती मुली घरूनच अडवल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. ग्वाटेमालात काळा घेवडा, मक्याच्या तोर्तिया म्हणजे पातळ भाकऱ्या, तळलेली केळी हे रोजचं जेवण आहे. फक्त घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला नाही ना, एवढं विचारून घ्यावं. स्पेनमध्ये मसुराची आमटी घरोघरी होते, पण तिच्यात बहुतेकदा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, पडतो. अंडं खाणाऱ्यांना बटाट्याचं जाड ऑम्लेट कुठेही मिळतं. अडचण येते ती फॉर्मवर नुसतं ‘शाकाहारी’ लिहिल्यावर, कारण सॅलडमधला ट्यूना किंवा भाजीतले हॅमचे तुकडे अनेक घरांत मांसात धरतच नाहीत. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांकडून मी फॉर्मवर सगळं नावानिशी लिहून घेते: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, ट्यूना नको, हॅम नको, चोरिसो नको, आमटीत मांसाचा तुकडा शिजवून नंतर बाहेर काढलेलाही नको.