पडद्याला कावीळ

आमच्या सोसायटीत खजिनदार निवडत नाहीत, सापडेल त्याला धरतात. तीन वर्षांपूर्वी मी लिफ्टमध्ये सापडलो. तेव्हापासून गणपती आले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि थकबाकीदारांची यादी माझ्या संगणकात असते.

यंदा साफसफाईत बायकोने संगणकाचं टेबल ओढून मागची जळमटं काढली. रात्री मी यादी काढायला बसलो, तर काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत होती.

"अहो, मी फक्त झाडलं हं," ती आतूनच म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं.

‘नो सिग्नल’ म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाहीये, एवढं मला ठाऊक होतं. टेबल पुन्हा ओढायचा कंटाळा, म्हणून जमिनीवर पालथा पडून मागे हात घातला. केबल लोंबत होती. संगणकातलं चित्र मॉनिटरकडे नेणारी, निळ्या तोंडाची व्हीजीए. आयबीएम कंपनीने ही भानगड १९८७ साली आणली आणि आमच्या घरातून ती अजून गेलेली नाही. अंधारात चाचपत लावली. जाईना. उलटी केली. तरी जाईना. पुन्हा सुलटी केली, दोन शिव्या घातल्या आणि दाबली. गेली.

पडदा उजळला. पिवळाधमक.

"कावीळ आहे," सासरे चष्मा वर करून म्हणाले. वरच्या मजल्यावरचे काका (असे काका प्रत्येक इमारतीला एक मिळतात) खास खाली उतरून आले आणि ‘पिक्चर ट्यूब गेली’ असं निदान करून, चहा घेऊन गेले. त्या चपट्या मॉनिटरला पिक्चर ट्यूब नव्हतीच. दुकानदाराने तर मॉनिटर न बघता फोनवरच तो मृत घोषित केला.

खरा घोळ यादीत झाला. तीन महिने देखभाल थकली की त्या घराची ओळ आपोआप पिवळी व्हावी, अशी सोय मी करून ठेवली आहे. आता पांढरं पिवळं दिसत होतं आणि पिवळंही पिवळंच. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरं थकबाकीदार! अध्यक्षांसकट. क्षणभर मला फार बरं वाटलं.

मग मॉनिटरच्या खालच्या कडेची बटणं. पाच, सगळी सारखी, त्यांच्यावरची चिन्हं काळ्यावर काळी. रंग सुधारायला गेलो आणि मेनूची भाषा चिनी झाली. पण त्या चिनी मेनूनेच वाचवलं. पिवळ्या पडद्याच्या मधोमध तो मात्र स्वच्छ निळा-पांढरा! हा मेनू मॉनिटर स्वतःच्या डोक्याने काढतो, संगणकाला विचारत नाही. म्हणजे मॉनिटर ठणठणीत. स्क्रीनशॉट लेकीला मेल केला, तर तिच्या फोनवर पांढराशुभ्र. म्हणजे संगणकातलं चित्रही निर्दोष. मुख्य संशयित उरली मधली केबल.

संगणक बंद करून ती काढली, टॉर्च धरला आणि पिना मोजल्या. पंधरा हव्यात, भरल्या चौदा. "तुटली! सापडली!" मी ओरडलो.

"बाबा, नववी पिन बऱ्याच केबलींना मुळातच नसते," लेक फोनमधून मान न काढता म्हणाली.

पुन्हा बघितलं. वरच्या ओळीत मधोमध, तिसरी पिन आडवी झोपलेली. निळा रंग तीच नेते. लाल आणि हिरवा पडद्यापर्यंत पोचले, निळा दारातच अडला. आणि लाल-हिरव्या उजेडाची बेरीज पिवळी येते. तिला कुणी झोपवली, हे घरात कुणीही विचारलं नाही. बायकोने फक्त माझ्या सदऱ्यावरची धूळ झटकली आणि भुवयांचा चिमटा आणून दिला.

श्वास रोखून पिन सरळ केली. यावेळी मुकाट्याने टेबल ओढलं, डोळ्यांनी बघून केबल लावली, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले. पडदा पांढरा झाला आणि यादीत पाचच ओळी पिवळ्या राहिल्या. सासरे कौतुकाने खुर्ची ओढून घरनंबर मोठ्याने वाचू लागले. एक, दोन, तीन... चौथ्यावर थांबले, आणि उठून आमच्या दारावरची पाटी बघून आले.