हिरवी खरेदी : नव्या साहेबांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

साहेब, खरेदी शाखेत आपलं स्वागत. विकसनशील देशाच्या सरकारनं 'पर्यावरणपूरक खरेदी'चं धोरण आणलं म्हणून घाबरून जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली, त्यातलं १२.७ क्रमांकाचं लक्ष्य याच खरेदीबद्दल आहे. प्रगती मोजायच्या निकषातच 'धोरणे आणि कृती आराखडे' आलेत. म्हणजे कागद. त्यात आपला हात कोण धरणार?

दिव्यांचंच बघा. ६० वॅटचा जुना बल्ब हजार तासांत ६० युनिट वीज खातो आणि साधारण तेवढ्यातच उडतो. जवळपास तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी हजार तासांत ९ युनिटांत भागवतो, वर कितीतरी पट टिकतो. हा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल, म्हणूनच तो निविदांच्या तुलनात्मक तक्त्यात येऊ द्यायचा नाही. तक्त्यात रकाना एकच : दर. बल्ब स्वस्त, बल्ब एल-वन (म्हणजे सगळ्यात कमी दराचा), विषय संपला. विजेचं बिल दुसऱ्या लेखाशीर्षातून जातं. तिथले साहेब वेगळे, त्यांची डोकेदुखी वेगळी.

एखादा तरुण अभियंता 'वस्तूच्या पूर्ण आयुष्याचा खर्च धरा' म्हणू लागला, तर त्याला जवळ बसवून विचारा, "महाग का घेतलं, या ऑडिटच्या आक्षेपाला उत्तर तू देणार का?" गप्प बसेल. (पोरगं चुकत नसतं म्हणा. पण स्वस्तातलं घेऊन वर्षानुवर्षं वीज जाळली, असा आक्षेप कुणावर निघालेला मी तरी पाहिला नाही.)

वरून रेटा आलाच, तर निविदेत एक अट घाला : 'पुरवठादाराने पर्यावरणाचे भान ठेवावे.' कागदात पुनर्वापराचा लगदा किती टक्के, असलं काही लिहू नका, ते तपासता येतं. नाहीतर सरळ दुसरं टोक गाठा. ज्यासाठी चाचणी करणारी प्रयोगशाळाच देशात नाही, अशा प्रमाणपत्राची अट टाका. देशातले छोटे उत्पादक आपोआप बाद, प्रतिसाद अपुरा, फेरनिविदा. फेरनिविदेत अट गुपचूप गाळा. जर्मनीत 'ब्लू एंजल' हे पर्यावरणचिन्ह १९७८ पासून चालतंय, असं कुणी सांगितलं तर 'तिकडची गोष्ट वेगळी' एवढं पुरतं.

वर्षअखेरीला निधी परत जायची वेळ आली की बल्बच घ्या, भरपूर घ्या, आणि साठा नोंदवहीत चढवून ठेवा. पुढचे साहेब येऊन एलईडीचं नाव काढतील, तेव्हा भांडारपालच त्यांना सांगेल : आधीचा साठा संपल्याशिवाय नवी मागणी घेता येत नाही.