गाडी चालवलीच नाही हो!

जुनी गाडी विकणाऱ्या माणसाला गाडी चालवल्याची एवढी लाज का वाटते, हे मला अजून कळलेलं नाही. गाडी ही चालवायची वस्तू आहे असा माझा इतकी वर्षं समज होता. पुण्यात वापरलेली गाडी शोधायला लागलो आणि जो भेटला त्यानं पहिलं वाक्य हेच टाकलं, "गाडी चालवलीच नाही हो." एकाची फक्त रविवारी सारसबागेच्या गणपतीला जायची. एकाची चतुर्थीला थेऊरला. एकाच्या मिसेस ती भाजी आणायला न्यायच्या, तेही पावसाळा सोडून. मग रोज संध्याकाळी कर्वे रस्त्यावर एकेका सिग्नलला तीन-तीन वेळा लाल दिवा बघणाऱ्या गाड्या कोणाच्या? त्या बहुधा कधी विकायला निघतच नसाव्यात.

यातही 'डॉक्टरची गाडी' हा वेगळा मानाचा वर्ग आहे. जाहिरातीत 'डॉक्टर ओनर' लिहिलं की वीस हजार चढतात. डॉक्टर गाडी हळू चालवतात की धुतलेल्या हातांनी चालवतात, कोण जाणे. पण शहरातले एवढे डॉक्टर गाड्या विकत बसले असतील तर आमच्या हाडांच्या डॉक्टरकडे दोन-दोन तास थांबावं का लागतं, याचा उलगडा मला तिथे झाला.

हाडांचे डॉक्टर हेच खरं तर गाडीचं कारण. आईचे गुडघे गेलेत. रिक्षात चढताना ती दांडा धरते आणि रिक्षावाला मीटर टाकून आमच्याकडे बघत राहतो. तेव्हा गरज साधी होती: आईला दवाखान्यात नेणं, अधूनमधून खंबाटकी ओलांडून गावी वाईला जाणं, आणि एरवी गाडी सोसायटीत उभी. म्हणजे मीसुद्धा ती फारशी चालवणार नव्हतोच, पण हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं की संशय येतो. बजेट तीन लाख. त्यातच नावावर करायचा खर्च, विमा आणि पहिलं सर्व्हिसिंग बसलं तर उत्तम.

तीन लाखांत काय येतं म्हणाल, तर सगळं येतं. एके काळी साहेब लोक ज्यातून उतरायचे ती लांबलचक सेडानही येते, कारण जुनी मोठी गाडी विकत घेणं सोपं असतं, पोसणं अवघड. अशा एकीत आई बसली. "किती मऊ आहे रे," म्हणाली. पण उतरायची वेळ आली तेव्हा ती खाली कुठेतरी होती आणि रस्ता वर. मी एक हात धरला, विकणाऱ्यानं दुसरा धरला, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "सीट बघा, अजून कशी धरून ठेवते." पुढच्या वेळी उंच एसयूव्ही पाहिली. तिच्यात चढायला आईनं पाट मागितला. पाट मिळाला असता तर प्रत्येक वेळी तो बरोबर न्यायचा, आणि आई आत गेल्यावर रस्त्यावर राहिलेला पाट कोणी उचलायचा, यावर आमची फुटपाथवरच चर्चा झाली.

तेव्हा लक्षात आलं की सीट घरातल्या खुर्चीच्या उंचीला हवी. सरकत आत जायचं, वाकायचं नाही आणि चढायचंही नाही. १९९८ साली सँट्रो आली, १९९९ साली वॅगनआर. त्यांच्या उंच टपाला तेव्हा आम्ही कॉलेजातली मुलं हसलो होतो. ती टपं कोणासाठी उंच केली होती ते आता समजलं. वॅगनआरवर शिक्कामोर्तब झालं. राहिला प्रश्न कोणती घ्यायची, आणि त्यावर मत नसलेला एकही नातेवाईक आमच्याकडे नाही.

मामांचा गाड्यांचा अभ्यास फियाटपाशी पूर्ण झाला. ते कुठलीही गाडी पाहिली की आधी टायरला लाथ घालतात, मग बोनेटवर थाप मारतात आणि "पत्रा कुठे राहिलाय हल्ली" म्हणत बाजूला होतात. मेहुण्याचं सगळं स्टारवर. क्रॅश टेस्टमध्ये किती स्टार, हे विचारल्याशिवाय तो गाडीच्या जवळही येत नाही. दोन एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, नसलेली गाडी दारात आणलीस तर बहिणीला माहेरी पाठवणार नाही, अशी त्यानं धमकी दिली. धमकी वाईट नव्हती, पण मुद्दाही बरोबर होता. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्याआधीच्या गाडीत त्या आहेत की नाहीत हे मॉडेलच्या नावावरून नाही, स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर डोळ्यांनी बघूनच ठरवायचं.

ऑफिसातला एक जण म्हणाला, दिल्लीहून आण, निम्म्या किमतीत येते. तिथे डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आली, म्हणून लोक आधीच काढून टाकायला लागले, हे खरं आहे. पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला आणायचा, इथे पुन्हा नोंदणी करायची, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा. एवढं करून वाचलेले पैसे मी त्या खेपांमध्येच घातले असते. सीएनजी लावलेली घ्या, असंही एकानं सुचवलं. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करेन मी, पण डिकीत टाकी बसल्यावर वाईहून येणारं तांदळाचं पोतं कोणाच्या मांडीवर ठेवायचं?

या सगळ्यांत ज्याचं खरोखर ऐकावं असा एकच माणूस निघाला, तो आमचा मेकॅनिक. तो बोलतच नाही. गाडी पाहायला येण्याचे पाचशे रुपये घेतो आणि त्याची अट एकच: मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. पोचला की आधी बोनेटवर तळहात ठेवतो. बोनेट गरम लागलं तर हातही न झटकता म्हणतो, "चला." कारण थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा काढतं, हे लपवायचं असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून तो ऑइलचं झाकण काढतो आणि आतून फुसफुस वाफ आली की झाकण परत लावून माझ्याकडे बघतो. त्या बघण्याचे पाचशे रुपये.

काचांच्या कोपऱ्यात साल कोरलेलं असतं, हे मला त्याच्यामुळे कळलं. पाच काचा २०१४ च्या आणि सहावी २०१८ ची असली की त्या बाजूनं काहीतरी आत आलं होतं. टायरवर चार आकडे असतात: ४१२२ म्हणजे २०२२ सालचा एक्केचाळिसावा आठवडा. "टायर नवेच आहेत" म्हणणाऱ्याच्या टायरवर २३१७ निघालं तेव्हा मेकॅनिक प्रथमच हसला. टेस्ट ड्राइव्हला बसल्या बसल्या विकणाऱ्यानं मोठ्यानं गाणी लावली की तो हात लांब करून म्युझिक सिस्टीम बंद करतो. सस्पेन्शन काय म्हणतंय ते त्याला ऐकायचं असतं, आणि पुण्यात दर पन्नास पावलांवर स्पीडब्रेकर असल्यानं ते फार वेळ गप्प राहू शकत नाही.

एका गाडीला भलताच सुंदर वास येत होता. मोगरा, चंदन, लिंबू, सगळं एकदम. पासिंग सांगलीकडचं. मेकॅनिकनं ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, ओढतच राहिला, शेवटच्या वितीपर्यंत ओढला. वरचा भाग काळा कुळकुळीत, आणि खालच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाचा करडा पट्टा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं ते मी टीव्हीवर पाहिलं होतं. ही गाडी तिथे हजर होती. विकणारा म्हणाला, "वॉशिंग केली होती." मेकॅनिक म्हणाला, "कृष्णामाईनं."

दुसरीचं मीटर ४६ हजार. सीटवर प्लॅस्टिक अजून होतं. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर आतल्या पट्टीवर ऑइल बदलल्याचं स्टिकर: पुढील सर्व्हिस ९० हजार किलोमीटरला. मी बोट ठेवलं. मालक जराही डगमगला नाही. "आम्ही सर्व्हिसिंगचं प्लॅनिंग आधीच करून ठेवतो," म्हणाला.

आणि तो सारसबागेच्या गणपतीवाला. गाडी खरंच छान होती, आईही सहज बसली. मेकॅनिकनंही मान हलवली. मी आपलं रीतसर म्हणून गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे घालून ई-चलान तपासलं, कारण जुने दंड कोणाच्या गळ्यात पडतात हे नंतर भांडण्यापेक्षा आधी बघितलेलं बरं. निघाली की चलानं, ओळीनं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वेगमर्यादा शंभर, गाडीचा वेग १२७. सोबत फोटो.

"ही सारसबाग नाही," मी म्हणालो.

"पालीला जात होतो हो. बल्लाळेश्वर."

"रात्री पावणेदोनला?"

"काकड आरती."

यापुढे माणूस काय बोलणार?

भाद्रपद संपत आला असताना कोथरूडच्या काकांचा पत्ता लागला. हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. २०१६ ची वॅगनआर, पेट्रोल, दोन एअरबॅग, एबीएस, किंमत तीन लाख वीस हजार, म्हणजे बजेटच्या वर. दार उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी सावलीत लावायला जागा आहे का?" मग, लायसन कधीचं? क्लचवर पाय ठेवून चालवता का? घाटात न्यूट्रल करता का? तासभर माझी तोंडी परीक्षा चालली आणि मेकॅनिक खाली बोनेटशी ताटकळत होता. पास झाल्यावर त्यांनी एक रोजनिशी आणली. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तेव्हाचं मीटर, काढलेलं अ‍ॅव्हरेज, ऑइल, एअर फिल्टर, दर पंधरा दिवसांनी टायरमधली हवा. मीटर ५८ हजार ४१२ आणि रोजनिशीही तेच म्हणत होती.

"गाडी भरपूर चालवलीय," काका म्हणाले. "चालवायलाच घेतली होती."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सोबत दोषांची टंकलिखित यादी होती. मागच्या बंपरला सोसायटीचा खांब लागला, तारीख, वार. डावा आरसा रिक्षानं उडवला, बदलला, बिल सोबत. एसी तिसऱ्या नंबरवर आवाज करतो. मेकॅनिक यादी घेऊन गाडीभोवती फिरला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. त्याच्या कलेला काही वावच नव्हता. शेवटी तो गाडीखाली शिरला आणि विजयी मुद्रेनं बाहेर आला: उजव्या दाराखालच्या पट्टीला आतून चेपलंय, यादीत नाही.

काका वाकून बघायला गेले. बराच वेळ वाकलेले होते. मधल्या काळात आई पुढच्या सीटवर बसली, उतरली, कोणाचा हात न धरता परत बसली, आणि खिडकीतून काकूंशी गुडघ्यांवर बोलू लागली. दोघींचे डॉक्टर एकच निघाले.

मी घासाघीस सुरू केली. पितृपक्ष चालू आहे, या दिवसांत कोण गाडी घेतं, तेव्हा काही तरी कमी करा. काका म्हणाले, "पितर तुमचे, नुकसान माझं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात आईचंच सुरू झालं, पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही म्हणून. मी म्हणालो, "आई, नवीन कुठे? जुनीच आहे की." ती म्हणाली, "आपल्याला नवीनच." विसार तरी देऊ, गाडी घटस्थापनेला नेऊ, म्हटलं तर पैसे हातात पडले म्हणजे घेतल्यासारखंच, असं तिचं म्हणणं. मी फोनवरून पाठवतो म्हणालो. तिनं क्षणभर विचार केला. "फोनवरून चालतील," म्हणाली. "त्यात दिसत नाहीत."

काकांनी दहा हजार मात्र कमी केले. पितरांसाठी नाही, त्या पट्टीसाठी. यादी अपुरी दिल्याबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, बँकेचं कर्ज फिटल्याची नोंद आधीच झालेली, नवी नंबर प्लेट त्यांनीच लावून घेतलेली. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या, असं त्यांनी तीनदा बजावलं आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सवलत, गाडीबरोबर जात नसतो, तो माझा, हेही. आरटीओच्या खिडकीतल्या माणसानं आमचे कागद उलटसुलट करून पाहिले. काहीतरी राहिलेलं नाही, हे त्याला पटत नव्हतं.

गाडी घरी आली, आई वाईला जाऊन आली. पण काका अजून फोन करतात. ६० हजारला ऑइल बदलायचंय, लक्षात आहे ना? पावसाळ्यापूर्वी वायपर? परवा म्हणाले, गाडी बघावीशी वाटते, फोटो पाठवा. मी खाली जाऊन, चांगला उजेड बघून, समोरून फोटो काढला आणि पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं:

"डावीकडचं पुढचं टायर. हवा कमी आहे."

पंपावर जाऊन तपासली. चार पॉइंट कमी होती.