स्वतःचं आरमार बुडवू इच्छिणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक करा, शत्रूच्या भरवशावर राहू नका. 1721मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज हातात हात घालून कुलाब्यावर चालून आले; मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांनी दोघांनाही आल्या वाटेनं परत पाठवलं. 1724मध्ये डचांनी विजयदुर्गावर हात मारून पाहिला, तेही हात हलवत गेले. परक्यांवर काम सोपवलं की असा विचका होतो. आरमार बुडवणं हे घरच्यांनीच अंगावर घ्यायचं काम आहे.

सुरुवात वाटणीपासून करावी. 1729मध्ये कान्होजी गेले, पोरांत जुंपली आणि पुण्याच्या पेशव्यांनी मध्यस्थीला जाऊन मोठा नामी तोडगा काढला. मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब किताब, संभाजीला दक्षिणेकडचे किल्ले आणि सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखपद. एका आरमाराची दोन झाली, आणि दोन्हींचं लक्ष समुद्रापेक्षा एकमेकांवर जास्त. पुढे संभाजीच्या जागी तुळाजी आला. तो पुण्याला जुमानेना. तुळाजी काही गरीब गाय नव्हता, किनाऱ्यावरच्या आपल्या माणसांनाही त्यानं भरपूर छळलं होतं. पण घरातला माणूस डोईजड झाला की करायचं काय? तुम्ही-आम्ही फार तर भांडलो असतो. नानासाहेब पेशव्यांनी 1755मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी 1756मध्ये अॅडमिरल वॉटसन विजयदुर्गापुढे येऊन उभा राहिला. बरोबर फौज घेऊन क्लाइव्ह. हो, पुढच्या वर्षी प्लासीला गेला तोच.

इथला एक बारकावा होतकरूंनी टिपून ठेवावा. तुळाजीची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. एक जळता गोळा पडला तो ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर. हे जहाज मूळ इंग्रजांचंच, तुळाजीनं पकडून आणलेलं. तिथून आग शेजारच्या गुरबेवर, तिथून पुढच्या गलबतावर, आणि बघता बघता सगळा ताफा राख. किल्ल्यात सापडलेले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसात वाटून घेतले. किल्लाही लगेच सोडला नाही. काही महिन्यांनी दिला, तोही बाणकोट आणि आसपासची गावं स्वतःकडे ठेवून. स्वतःचंच आरमार जाळून घ्यायचं आणि वर दक्षिणा द्यायची, याला म्हणतात राज्यकारभार.

आता तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. पेशवे नाहीत, क्लाइव्ह नाही. अहो, फाइल आहे ना!

सुरुंगांचंच बघा. समुद्रात पेरायचा सुरुंग फार महाग नसतो, पेरायला मोठी युद्धनौकाही लागत नाही. एखाद्या बंदराच्या तोंडाशी तो पेरला आहे अशी नुसती कुणकुण लागली, तरी व्यापारी जहाजं बाहेरच थांबतात. तो शोधून निकामी करायला मात्र खास जहाज लागतं, ज्याची चाहूल सुरुंगाला लागू नये असं. नौदलाला अशी बारा जहाजं हवी होती. कोरियन कंपनी ठरली. मग दलालांचा आरोप आला, व्यवहार रद्द. मग ठरलं की त्याच कोरियनांची मदत घेऊन गोवा शिपयार्डनं ती बांधावीत. गोव्यात तयारी झाली, बोलणी लांबत गेली, 2018मध्ये तेही बारगळलं. इकडे सोव्हिएत बनावटीची जुनी जहाजं एकेक करून निवृत्त होत होती. 2019मध्ये शेवटचंही गेलं. तेव्हापासून आपल्याकडे सुरुंग काढणाऱ्या जहाजांची संख्या शून्य. 2025मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं पुन्हा ‘गरज मान्य’ केली. हा साखरपुडासुद्धा नव्हे, नुसती पत्रिका जुळली आहे. या सगळ्यात एकही सुरुंग कुणाला पेरावा लागला नाही, हे विशेष.

पाणबुड्यांच्या बाबतीत जरा कल्पकता लागते. पाणबुडी बांधा, झकास बांधा, फक्त तिचं मुख्य हत्यार, टॉर्पेडो, घेऊ नका. सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार 2005चा. पहिली ‘कलवरी’ माझगाव डॉकमधून डिसेंबर 2017मध्ये दाखल झाली, सहावी ‘वागशीर’ जानेवारी 2025मध्ये. त्यांच्यासाठी इटालियन टॉर्पेडो ठरला होता. पण त्याच उद्योगसमूहाच्या दुसऱ्या कंपनीचं नाव अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टर खरेदीत आलं, आणि टॉर्पेडोची खरेदी रद्द झाली. घोटाळा आकाशात, शिक्षा पाण्याखाली. नव्या कोऱ्या पाणबुड्या मग जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर भागवत राहिल्या. आपल्या डीआरडीओचा, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा, टॉर्पेडो त्यांच्यावर बसवायचा करार झाला डिसेंबर 2024च्या अखेरीस, म्हणजे शेवटची पाणबुडी दाखल होण्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी. घाई कशाला करायची?

आपल्याकडे निर्णय झटपट होतच नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. 26 फेब्रुवारी 2014 रोजी ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवर अपघात झाला, दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख अॅडमिरल जोशींनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि तो त्याच दिवशी मंजूरही झाला. नौदलाची फाइल एका दिवसात हलल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

जुन्या जहाजांचं काय करावं, हेही विचाराल. विमानवाहू ‘विक्रांत’नं 1971मध्ये बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवला, 1997मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालयही होतं. 2014मध्ये साधारण 60 कोटींना भंगारात गेली. मुंबईच्या दारूखाना भागात तोडली. तिच्या पोलादापासून बजाजनं मोटारसायकल काढली, आणि ज्यांना जहाज वाचवता आलं नाही त्यांना निदान ती हप्त्यांवर घेता आली.

आणि उत्सव विसरू नका. 4 डिसेंबर 2023, नौदल दिन, मालवणचा राजकोट किल्ला, शिवरायांचा 35 फुटी पुतळा, पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण. 26 ऑगस्ट 2024 रोजी पुतळा कोसळला. वारा फार होता म्हणे, ताशी 45 किलोमीटर. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे, 1667पासून. त्याला हे वाऱ्याचं कुणी कळवलं नव्हतं. अशा वेळी खचून जायचं नाही. चौकशी लावायची, थोडी धरपकड करायची आणि नवी निविदा काढायची. 2025च्या मे महिन्यात तिथेच आधीपेक्षा उंच पुतळा उभासुद्धा राहिला. समुद्रकाठची कामं रखडतात असं कोण म्हणतं?