पानांवर पाणी शिंपडून मुळं ओली होत नाहीत

झेडझेड या कुंडीतल्या शोभेच्या झाडाचं एक पान देठासकट मातीत खोचलं, तर पुढचे कित्येक महिने ते जसंच्या तसं दिसतं. ना कोंब, ना नवं पान. बरेच जण कंटाळून उपटून टाकतात आणि मग बघतात, तर देठाशी वाटाण्याएवढा कंद धरलेला! सोलापूरकरांना हे समजावायला नको: आधी पाण्याची टाकी, मग वरचा मजला.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचूनही ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा कंद आठवावा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात (26 ते 29) एक दाखला आहे, जो इतर तिन्ही शुभवर्तमानांत नाही. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग भरलेला दाणा. मंगळवेढ्याकडची रब्बीची ज्वारी अशीच येते. वरून पाऊस नाही, काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर सगळा कारभार.

घरातल्या कुंड्या जास्त करून तहानेने नाही, अति पाण्याने जातात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं पिवळी पडतात. माणसाला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तो आणखी एक तांब्या ओततो. वर्षात बायबल संपवण्याच्या संकल्पाचंही हेच होतं. 1,189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. जानेवारी संपता संपता लेवीय हे नियमांनी भरलेलं पुस्तक लागतं, दोन दिवस चुकतात, मग अपराधी वाटून एका बैठकीत दहा अध्याय. वाचलं सगळं, मुरलं काहीच नाही.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. पाणी धरून बसते आणि वाळताना भेगाळून मुळं तोडते. मनीप्लँटला दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू, वर मूठभर गांडूळखत. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं.

वाचनाचं माप माझ्या मते आठ वचनं. बायबलमधलं स्तोत्र 119 यासाठी उत्तम: 176 वचनं, आठ-आठांचे 22 भाग, म्हणजे 22 दिवस. एकदा मनात वाचा, दोनदा मोठ्याने. पहिल्या स्तोत्रात ‘मनन’ म्हटलंय तिथल्या हिब्रू शब्दाचा अर्थच मुळात पुटपुटणं असा आहे. ओठ हलायला हवेत. मग एक वचन हाताने वहीत उतरवा. रात्री वही न उघडता आठवा. नाही आठवलं तर दुसऱ्या दिवशी तीच आठ वचनं, बिनदिक्कत.

आणि सकाळी येणारी गुलाबाच्या फोटोवरची वचनं? ती पानांवरची फवारणी. धूळ जाते, झाड टवटवीत दिसतं, मुळाशी थेंब पोचत नाही. पाठवणाऱ्यांनी रागावू नये.

पहिल्या स्तोत्रातलं प्रवाहाकाठचं झाड आपोआप उगवलेलं नाही. मूळ शब्द एका जागेवरून काढून दुसरीकडे लावलेल्या झाडाचा आहे. कुंडी बदलली की झाड आठ-पंधरा दिवस मान टाकतं. तेव्हा महिनाभर खत घालायचं नसतं, नाजूक मुळं जळतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने आलेल्या माणसाला मात्र आपण पहिल्याच रविवारी गायनात उभं करतो, पुढच्या रविवारी शब्बाथशाळेचा, म्हणजे रविवारच्या बायबल-शिकवणीचा, वर्ग देतो. सहा महिन्यांत तो दिसेनासा होतो आणि पाळकांना कोडं पडतं.

मे महिन्यात पारा 42च्या वर गेला की खत बंदच ठेवा. कुंडी पश्चिमेच्या खिडकीपासून दोन हात आत ओढा. आठ वचनं जड वाटली तर चार घ्या, पण वेळ पहाटेची धरा, नळाला पाणी यायच्या आधीची. एकदा हंडे-बादल्या सुरू झाल्या की कुणाचं मनन होत नाही.