अकरा ग्रॅमची दादागिरी

पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालायला जातो, म्हणजे पुन्हा सापडले की ओळखता यावेत म्हणून, असं म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरतं. त्यांच्या डोळ्यांपुढे तळहातावर अलगद बसलेलं पाखरू असतं. प्रत्यक्षात पाखरू बोटाला लटकलेलं असतं. चोचीने.

सप्टेंबर महिना, उजाडायच्या आत जाळ्या उघडायच्या. उत्तर अमेरिकेतले बरेचसे छोटे गाणारे पक्षी रात्रभर दक्षिणेकडे उडतात आणि पहाटे खायला झुडपांत उतरतात. तिथे १२ मीटर लांबीची, बारीक नायलॉनची जाळी आम्ही ताणून ठेवलेली असते. ती पक्ष्यांना दिसत नाही. मलाही दिसत नाही, माझ्या शर्टाच्या गुंड्यांना विचारा.

पक्षी ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने काढायचा. सांगायला सोपं. पण चिकडी नावाचं जे ११ ग्रॅमचं प्रकरण आहे, ते एक पाय सोडवला की दुसऱ्या पायाने जाळीचे चार धागे घट्ट धरतं आणि फावल्या वेळात नखाच्या मुळाशी, नेमक्या हुळहुळ्या जागी टोच मारतं. कार्डिनल नावाच्या पक्ष्याची चोच बिया फोडायला घडलेली. तो एकदाच चावतो आणि धरून ठेवतो. चिकडी हप्त्याहप्त्याने वसुली करते. या कामाला सरकारी परवाना लागतो. आम्हाला, चावणाऱ्याला नाही.

मग टेबल. मान तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची, पक्कडीने अ‍ॅल्युमिनियमची कडी बसवायची, नंबर लिहायचा, पंख मोजायचा. १८९९ साली मॉर्टेन्सन नावाच्या डॅनिश शिक्षकाने नंबर घातलेल्या कड्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत चढवल्या, तिथून हा उद्योग पद्धतशीर सुरू झाला. मास्तरच तो, पाखरांचीसुद्धा हजेरी लावणारच!

पुढे डोक्यावरची पिसं ओली करून बाजूला सारायची आणि पातळ कातडीतून कवटी न्याहाळायची. तिचं हाड अजून पुरतं भरलं नसेल तर पिल्लू यंदाचं. शेवटी गळ्याखाली फुंकर मारून चरबी बघायची. भरपूर निघाली की सगळे खूश. लठ्ठपणाला शाबासकी देणारी अशी तपासणी मी दुसरीकडे पाहिली नाही. माझ्या डॉक्टरांना एकदा इथे आणायला हवं.

खरी पंचाईत ओळखण्याची. वॉर्बलर नावाचे छोटे गाणारे पक्षी वसंतात नवरदेवासारखे नटलेले असतात. शरदात त्यांतले बरेचसे एकाच मळकट हिरवट-पिवळ्या रंगात. ब्लॅकपोल वॉर्बलर की त्याचा एखादा जुळा, हे ठरवायला त्याला उलटा करून तळपाय पिवळे आहेत का बघतात. जेमतेम १२ ग्रॅमचा हा जीव खाऊन खाऊन वजन दुपटीच्या आसपास नेतो आणि अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता उडत कॅरिबियन बेटं गाठतो. खरं तर अशाच्या पाया पडावं. आम्ही तळपायांचा रंग तपासतो.

आई फोनवर विचारते, "एवढं करून ते पाखरू परत सापडतं तरी का रे?"

सापडतं की! ब्लॅकपोलची खबर मिळावी म्हणून आम्ही टपलेलो असतो, पण कडी घातलेला एवढासा प्रवासी पुन्हा कुणाच्या हाती लागणं म्हणजे नशीबच. हमखास सापडते ती चिकडी, जी मुळात कुठे जातच नाही. मी नंबर वाचतो, वहीत 'पुन्हा पकडली' असं लिहितो. तोवर तिने दुसरं बोट निवडलेलं असतं.